लग्नाच्या ऑर्डरआधी बॅग भरताना

अंबाजोगाईत राहून मी लग्नाचे फोटो काढतो. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. केज, रेणापूर, औसा अशा सगळ्या बाजूंनी ऑर्डरी असतात. शेवटची मंगलाष्टका संपते, अंतरपाट निघतो, अक्षता पडतात, हार घातले जातात. हे सगळं एवढ्यात उरकतं की तिथं कॅमेरा अडला तर पुन्हा संधी नाही. हार दुसऱ्यांदा घालायला लावता येतील, पण नवरीच्या बापाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते परत येत नाही.

म्हणून तयारी मी लग्नाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी सुरू करतो. एखादं मेमरी कार्ड किंवा सेल खराब निघालाच तर लातूरला जाऊन आणायला मधला दिवस हाताशी राहतो. आधी मुलीकडच्यांना फोन. मुहूर्त दुपारचा की गोरज? स्टेजचं तोंड कुठल्या दिशेला? मांडवाचं कापड कुठल्या रंगाचं? दुपारच्या उन्हात लाल कापडाखाली सगळ्यांचे चेहरे लाल दिसतात, मग फ्लॅश जास्त लागतात आणि रंग बरोबर जुळवायचं ग्रे कार्डही (राखाडी पुठ्ठा) बॅगेत जातं.

मग सतरंजी अंथरून सगळं सामान बाहेर काढतो. माझा भाचा मदतीला असतो. तो एकदा म्हणाला, "मामा, मागच्या लग्नात फ्लॅशचं ट्रिगर चाललं होतं की. परत कशाला बघायलाव?" मी म्हटलं, "मागच्या लग्नात चाललं. आता चालवून दाखव." वस्तू मोजून बॅगेत ठेवली म्हणजे तपासली, असं मी मानत नाही. प्रत्येक वस्तू लावून फोटो काढायचा आणि तो मोठा करून बघायचा. जादा म्हणून घेतलेला कॅमेरा, जादा लेन्स, जादा केबल यांनाही तोच नियम. ऐन वेळी हात त्यांच्याकडेच जातो.

सर्वांत जास्त वेळ सेल खातात. फ्लॅशच्या चार सेलचा संच मी कधी फोडत नाही, चारींवर एकच नंबर लिहिलेला असतो. जुना-नवा सेल एकत्र घातला की कमजोर सेल आधी बसतो आणि पूर्ण फ्लॅश मंदावतो. चार्जिंग घरीच पूर्ण करतो. मांडवात जनरेटरवर सगळा भार असतो, तिथल्या बोर्डाचा भरवसा मी धरत नाही.

कार्डाची गोष्ट सरळ आहे. आधीच्या लग्नाचे फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करतो. कॅमेऱ्यातल्या कार्डाच्या दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी तोच फोटो उतरेल, असं सेटिंग ठेवतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते ते सांगायला नको. एफ-१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम अस्पष्ट फोटो काढला की कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवरचे धुळीचे ठिपके दिसतात. मग लेन्स काढून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून हवेचा ब्लोअर मारायचा. तोंडानं फुंकर कधीच नाही, थुंकीचे डाग धुळीपेक्षा वाईट. हळदीला मात्र एक जुनी लेन्स वेगळी ठेवली आहे, पुढे फिल्टर लावून.

स्टेजवरच्या एलईडी दिव्यांची तयारीही घरीच होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत पट्टे येतात. घरातल्या एलईडी ट्यूबखाली इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून १/१०० आणि १/५० सेकंदावर फोटो काढून बघतो. भाच्याला हे मी पुन्हा पुन्हा करायला लावतो, कारण तिथं गडबडीत शटर कुठं फिरवायचं हे विचार न करता बोटांना कळलं पाहिजे.

गाडीत बॅग मागच्या काचेजवळ ठेवत नाही. उन्हात उभ्या गाडीत बॅटऱ्यांचे हाल होतात. बॅग सीटखाली, वर पांढरं कापड, आणि उतरलो की खांद्यावर.

सकाळी निघताना दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच वेळी लग्नपत्रिकेचा फोटो काढतो. कार्ड कुणाच्या लग्नाचं ते कळतं आणि दोन्हींची घड्याळं जुळलीत का तेही दिसतं. घड्याळात मिनिटाचा फरक असला तरी अल्बम लावताना अक्षता अंतरपाटाच्या आधी येऊन बसतात. फरक दिसला तर तिथंच दुरुस्त करायचा, परत पत्रिकेचा फोटो काढायचा, आणि मग गाडीला किल्ली.