मुरगाव ते कॅसलरॉक: तोट्यात चाललेल्या एका रेल्वेच्या वाटेने

गोवा-कर्नाटक सरहद्दीवरचा ब्रगांझा घाट डोळे भरून पाहायचा, या इराद्याने मी पुण्याहून गोवा एक्सप्रेसने निघालो आणि लोंढ्यानंतर गाढ झोपलो. जाग आली तेव्हा मडगाव जवळ आले होते. जागा असतो तरी फारसे काही दिसले नसते, कारण जाताना ही गाडी घाट अंधारातच उतरते. म्हणून या मार्गाच्या ओढीने जाणाऱ्यांनी घाट परतीसाठी राखून ठेवावा. वास्कोहून दुपारी सुटणारी तीच गाडी उजेडात घाट चढते, मात्र निघण्यापूर्वी चालू वेळापत्रक अवश्य पाहावे.

परतीच्या दिवशी वास्कोला तासभर आधी पोहोचलो. मुरगाव बंदर आणि हा लोहमार्ग ही जुळी भावंडे आहेत. 1878 साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि त्यातून 1881 साली लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ ही कंपनी उभी राहिली. मुरगाव ते ब्रिटिश हिंदुस्थानची सरहद्द असा सुमारे 82 किलोमीटरचा मीटरगेज मार्ग 1888 पर्यंत पूर्ण झाला. कंपनीच्या नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्दच पुढे पोर्तुगीज खजिन्याला महागात पडला. पहिल्या 8 लाख पौंडांवर 5 टक्के आणि त्यावरील भांडवलावर 6 टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, म्हणजे गाडी रिकामी धावली तरी भागधारकांना वर्षाला निदान 40 हजार पौंड मिळणारच होते.

ही रक्कम भागवण्याचा आधार होता मिठाचा. गोव्यातील मीठ आणि जकात यांवरील नियंत्रणाच्या बदल्यात ब्रिटिश सरकार दरवर्षी 4 लाख रुपये देत असे. पण हमी पौंडांत आणि भरपाई रुपयांत, आणि चांदीचा भाव घसरत चालल्यामुळे चांदीच्या रुपयाची किंमतही उतरत होती. 1892 साली 1878 चा तो करारच संपला. मग सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जकातीची अडचण पुन्हा उभी राहिली. धारवाड, हुबळीकडचा कापूस मुरगावला उतरेल, ही मूळ अपेक्षाही फारशी फळली नाही. नकाशावर मुरगाव जवळ असले तरी कापसाचा बाजार, पेढ्या आणि जहाजे मुंबईत होती, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्ग चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेले.

अभियंत्यांना मात्र यात दोष देता येणार नाही, हे घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्थानकानंतर कळते. तिथे गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात आणि 37 फुटांना 1 फूट अशा चढाने ती बोगद्यामागून बोगदा ओलांडत रांगू लागते. दूधसागरच्या पुलावर धबधब्याचे तुषार खिडकीच्या गजांवर येऊन टेकले आणि डब्यातला गलका क्षणभर थांबला. रूळ मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, वाट मात्र तीच.

धबधब्यासाठी रुळांवरून चालत जाण्याचा मोह टाळावा. तो गुन्हा तर आहेच, शिवाय बोगद्यांत बाजूला व्हायलाही जागा नसते. पावसाळा सरल्यावर कुळ्याहून अभयारण्यातून जीप जातात. सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असल्याने सकाळी लवकर पोहोचावे. भर पावसात धबधबा रौद्र असतो, पण तेव्हा जीप बंद असतात, त्यामुळे गाडीच्या खिडकीवरच समाधान मानावे लागते. खाण्यापिण्याचे सामान मडगावलाच घ्यावे, कारण घाटातल्या स्थानकांवर काही मिळेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला ब्रिटिशांचे जकात नाके होते आणि पोर्तुगीजांचे कुळ्याला. मी फलाटावर उतरून चार पावले टाकली, तोवर मागची इंजिने सुटली होती आणि एकमेकांना जोडूनच ती पुन्हा कुळ्याकडे, घाटाखाली निघाली.