नाव कुणाचं घालायचं?

मी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे घेते. त्यामुळे नाशकातल्या एका रेसिडेन्सीत, म्हणजे कलाकारांना राहून काम करू देणाऱ्या एका संस्थेच्या उपक्रमात, सहा आठवडे तांबटांबरोबर काम करायची संधी मिळाली तेव्हा वाटलं, धातू तर ओळखीचाच आहे. चित्रांची वही तयार करूनच गेले. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत एका काकांनी ती शांतपणे चाळली आणि विचारलं, "ताई, चित्र तुमचं, ठोके आमचे. मग नाव कुणाचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात अंदाजपत्रकात माझं मानधन होतं, प्रवास होता, छपाई होती. काकांच्या बुडणाऱ्या रोजाचं काहीच नव्हतं. पहिला आठवडा पत्रव्यवहारात गेला. छपाईची सगळी रक्कम आणि माझ्या मानधनातला काही भाग तिकडे वळवायची परवानगी आली, तेव्हा कुठे मी त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसले. कुणी असा अर्ज भरणार असेल तर हा आकडा पहिल्याच दिवशी घाला, कळकळीने सांगते.

मग मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देणं. तळाच्या मध्यापासून सुरुवात करायची, ठोक्याला ठोका लागला पाहिजे, गोलगोल बाहेर सरकायचं. ठोके खाऊन तांबं कडक होतं. तसंच बडवत राहिलं तर तडकतं. म्हणून भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, तांबं नरम पडतं! भट्टीची वेळ काका आवाजावरून ओळखत. माझ्याकडे पाठ असली तरी म्हणत, "थांबा, आवाज चढला." तो चढलेला आवाज माझ्या कानाला कळायला अठरा दिवस लागले.

दुपारी काकू माळ्यावरची भांडी काढून दाखवायच्या. मग शेजारच्या घरांतूनही गडू, हंडे, घंगाळी येऊ लागली. सगळ्यांवर नावं घातलेली: कुणाच्या लग्नात मामांकडून, कुणाच्या मुंजीत आत्याकडून, खाली साल. पन्नासेक भांडी तरी पाहिली असतील. देणाऱ्याचं नाव होतं, घेणाऱ्याचं होतं. घडवणाऱ्याचं एकावरही नव्हतं.

काकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसलं. वही बाजूला ठेवली. आम्ही सात गडू घडवले, यात्रेकरू गंगेचं पाणी भरून नेतात तसे. (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात.) काठाखाली घडवणाऱ्याचं नाव घालायचं ठरलं. संस्थेला मांडणी दालनात हवी होती. दोन बैठकांनंतर ती आळीतल्या ओट्यावर झाली.

काकांनी आजवर लग्नसराईत हजारो नावं घातली असतील. स्वतःचं घालताना त्यांचा हात थांबला. आधी आजोबांचं घातलं, मग वडिलांचं. "जागा उरली तर माझं," म्हणाले. उरली.

"तुमचं कुठे घालू?" त्यांनी विचारलं. दोन गडूंचे तळ मी मठारले होते. म्हटलं, त्या दोनांवरच घाला, तळाशी.