स्टेकिंगची वही: पावसाळी सीझननंतरचे आकडे

पुण्याच्या घोड्यांच्या रेसचा पावसाळी सीझन संपला, त्यामुळे स्टेकिंगच्या, म्हणजे दर बेटला किती पैसे लावायचे याच्या, वहीतले आकडे मांडतो. नवीन मंडळींसाठी सांगतो, माझी बँक, म्हणजे बेटसाठी बाजूला काढलेली रक्कम, १०,००० रुपयांची आहे आणि तीही कागदावरचीच. क्रिकेटवर लावणं बेकायदा, ऑनलाइन पैशांचे खेळ २०२५ च्या कायद्याने बंद झाले. राहिला रेसकोर्स, पण दर रेसला मिरजेहून गाडी धरून पुणं गाठायचं म्हणजे लावण्याआधीच बँकेचा बराच भाग तिकिटात आणि जेवणात जायचा.

हरलं की पुढच्या वेळी डबल लावत जायची पद्धत आधी निकालात काढू, कारण सांगलीत कुठल्याही कट्ट्यावर तिचा एक तरी भक्त भेटतोच. एकास एक भाव (रुपयाला रुपया फायदा), सुरुवात १०० पासून. सलग सहा हरलो की ६,३०० गेले, हातात राहिले ३,७०० आणि सातव्याला लागतात ६,४००. तो सातवा लागला असता तरी एकूण फायदा शंभरच.

आता चारच्या भावाचे (रुपयाला चार रुपये फायदा) घोडे घेऊ, त्यातला चारात एक लागतो असं धरू. सलग आठ हरण्याची शक्यता १० टक्के निघते. शंभर बेट लावले तर त्यात कुठेतरी सलग दहा हरणं, हे न होण्यापेक्षा होण्याचीच शक्यता जास्त. अशा दहा हारींनंतर बँकेच्या २ टक्के लावणाऱ्याकडे ८,१७१ उरतात, १० टक्के लावणाऱ्याकडे ३,४८७. दुसऱ्याला मूळ जागी यायला पैसे जवळपास तिप्पट करावे लागतील.

बँकेचा किती भाग लावायचा हे सांगणारं केलीचं सूत्र (जॉन केली, बेल लॅब्ज, १९५६) यंदा पाव मापाने वापरलं. चारचा भाव, माझा अंदाज २५ टक्के. सूत्र म्हणतं ६.२५ टक्के लावा, त्याचा पाव म्हणजे साधारण दीड. एवढं कापायचं कारण साधं आहे. माझा अंदाज फक्त पाच टक्क्यांनी चुकला, खरी शक्यता २० निघाली, की सूत्राचं उत्तर शून्य येतं. घोड्याबद्दलचा अंदाज पाच टक्क्यांच्या आत बरोबर असल्याची खात्री मला तरी नाही. म्हणून अंदाज भाव बघायच्या आधीच शाईने लिहायचा. मार्केट यार्डातला जुना दिवाणजी कीर्दीत खाडाखोड करत नाही, तसंच. भाव दिसला की अंदाज आपोआप त्याच्याकडे सरकतो.

यंदाचं खरं काम पुढे आहे. कागदावरच्या बँकेला कर लावून बघितला. रेसच्या जिंकीवर ३० टक्के आयकर, सेस वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. म्हणजे चारच्या भावाला हातात पडतात २.८. बरोबरीत सुटायला आधी २० टक्के शक्यता पुरायची, आता २६.३ लागते. माझा २५ टक्क्यांचा घोडा, ज्यावर दीड टक्का लावत होतो, तो सरळ तोट्यात. केली म्हणतो, एक रुपयाही लावू नका. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय, तो मी अजून धरलेलाच नाही. स्टेकिंगच्या पद्धतींवर आपण एवढं भांडतो, पण मुळात फायदाच नसेल तर कुठलीही पद्धत फक्त हरण्याचा वेग ठरवते.

करानंतरचा तक्ता करायला घेतलाय. एकास एक भावाला बरोबरीची शक्यता ५० ऐवजी ५८.८ होते, दहाच्या भावाला ९.१ ऐवजी १२.५. टक्क्यांत बघितलं तर फेव्हरिटला, म्हणजे कमी भावाच्या घोड्याला, मार मोठा वाटतो. पण प्रमाणात बघा, फेव्हरिटबद्दल बाजारापेक्षा १८ टक्के सरस असावं लागतं, लांबच्या (मोठ्या भावाच्या) घोड्याबद्दल ३७.५ टक्के. त्यामुळे मुंबईच्या सीझनला पाचच्या वरचे भाव वहीतून काढून टाकतोय आणि प्लेसचा (घोडा पहिल्या दोन-तिनात येण्यावर लावायचं, त्यामुळे भाव लहान) रकाना नव्याने आखतोय. कुणी प्लेसचे जुने भाव लिहून ठेवले असतील तर कळवा.