क्यूआर कोडमागची वजनं

सेंद्रिय कापसाच्या कपड्याच्या लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की हिरवं शेत, हसरा शेतकरी आणि ‘ब्लॉकचेनवर नोंद’ हे शब्द दिसतात. ब्लॉकचेन एवढंच सांगते की एकदा झालेली नोंद मागाहून कुणी गुपचूप बदललेली नाही. मुळात नोंदच खोटी असेल, तर ते खोटंही तितक्याच इमानदारीने जपलं जातं. म्हणून कापूस शेतापासून कपड्यापर्यंत कसा आला हे नोंदवणारी प्रणाली कुठलीही असो, आधी तिच्यातली वजनं जुळवून बघावीत.

समजा सूतगिरणीत 10,000 किलो सेंद्रिय रुई आली. कार्डेड (फक्त पिंजलेल्या रुईचं) सूत काढताना 15 टक्के घट धरली तर 8,500 किलो सूत. विणाईत 2 टक्के गेले, उरलं 8,330. रंगाई-धुलाईत 7 टक्के, म्हणजे साधारण 7,750. कटिंगच्या चिंध्या 15 टक्के, उरलं 6,590 किलोच्या आसपास. 150 ग्रॅमचा टी-शर्ट असेल तर सुमारे 43,900 नग. सूत कोम्ब्ड (विंचरलेलं) असेल तर आखूड तंतू नॉइल म्हणून वेगळे निघतात आणि आकडा आणखी खाली येतो. प्रणाली 60,000 नग दाखवत असेल, तर साधी रुई कुठेतरी मिसळली आहे किंवा एकच पावती दोनदा वापरली आहे. टक्के गिरणीगणिक बदलतात, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची घट त्या-त्या ठिकाणच्या नोंदीतूनच घ्यावी. सगळ्यांना एकच ठोकळ घट लावणारं सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही, उलट लपायला जागा देतं.

कापूस कुठून आला याचा माग सगळ्यात आधी तुटतो तो जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढताना. अनेक शेतांचा कापूस एकाच ढिगात पडतो, आणि दोन लॉटच्या मध्ये मशीन साफ केलं नाही तर आधीची रुई पुढच्या गाठीत जाते. पुढे गिरणीच्या ब्लो रूममध्ये, जिथे गाठी मोकळ्या करतात, रांगेत मांडलेल्या कित्येक गाठींवरून मशीन थोडी-थोडी रुई उचलतं. म्हणजे ‘हा शर्ट अमुक शेतातला’ हा दावा बहुतेक वेळा जाहिरातच. ‘या लॉटमध्ये या गाठी होत्या’ एवढं प्रामाणिकपणे सांगता येतं, आणि तेवढं पुरेसंही आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर 2020 मध्ये गॉट्सने (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणारी संस्था) भारतातला सेंद्रिय कापसाचा घोटाळा उघड केला. त्यात 20,000 टन कापूस गुंतला होता. बनावट व्यवहार प्रमाणपत्रांवर (सेंद्रिय मालाच्या प्रत्येक विक्रीसोबतचा दाखला) क्यूआर कोड होते आणि ते सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेत होते. तेव्हा प्रमाणपत्रावरचा कोड स्कॅन करून समाधान मानू नये. प्रमाणन संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करावा, तिथे क्रमांक शोधावा, आणि पुरवठादाराचं नाव, वजन, तारीख ताडून पाहावी.

कामगारांच्या बाबतीतही हिशेबच बोलतो. 40 शिलाई मशीन, 480 मिनिटांची पाळी, 60 टक्के कार्यक्षमता म्हणजे 11,520 मिनिटं. साध्या टी-शर्टला 8 मिनिटं लागत असतील तर दिवसाला 1,440 नग. त्याच कारखान्याच्या नावावर रोज 3,000 नग निघत असतील आणि बायोमेट्रिक हजेरी मात्र एकाच पाळीची असेल, तर उरलेले नग कुठल्या छपराखाली शिवले गेले, हे विचारावं.