बक्षीस काय ठेवता?

कोल्हापुरातल्या आमच्या प्राथमिक शाळेत हिवाळ्यात महिनाभर चालण्याचा उपक्रम असतो. मुलं चालतात, पालक चालतात, आम्ही शिक्षकही चालतो आणि सगळ्यांचं अंतर वर्गाच्या खात्यावर जमा होतं. कागल-इचलकरंजीकडच्या शिक्षिकांचे फोन येतात, तेव्हा वेळ, परवानगी, नियम सगळं मागं राहतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाई, बक्षीस काय ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. काही नाही. निदान कुणा एका मुलाला तरी नाहीच.

पहिल्या नंबराला सायकल ठेवून बघा. पोरगं चालायचं राहतं बाजूला, बाप मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून रंकाळ्याला फेऱ्या मारतो आणि आकडे पोराच्या नावावर पाठवतो. ज्याच्या घरी असलं घड्याळ नाही, ते लेकरू पहिल्याच आठवड्यात शर्यतीतून बाद. म्हणून आम्ही पावलं मोजतच नाही. रोज दहा हजार पावलं चाला म्हणतात, तो आकडा मुळात १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवण्यासाठी पुढं आला, तोही मोठ्या माणसांसाठी. शिवाय दुसरीतल्या मुलीचं पाऊल जेमतेम अर्ध्या मीटरचं. किलोमीटरला तिला दोन हजार पावलं टाकावी लागतात, बापाचं चौदाशेत भागतं. मग बरोबरी कशी लावायची? आम्ही मिनिटं धरतो. पंधरा मिनिटं चाललं की एक किलोमीटर. कुणी काठी घेऊन चालो, कुणी चाकाच्या खुर्चीवरून फिरो, हिशेब सगळ्यांना तोच. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं अंग हलवायला सांगते, त्यातली पंधरा-वीस तरी इथं निघतात.

बक्षिसाच्या जागी आम्ही ठिकाण ठेवतो. वर्गात एक नकाशा लावायचा, एक टाचणी घ्यायची आणि रोज सगळ्यांची बेरीज करून ती पुढं सरकवायची. यात गंमत गणिताची आहे. वर्गात तीस मुलं धरा. प्रत्येक जण एक किलोमीटर चाललं की झाले तीस. म्हणजे जोतिबा पहिल्याच दिवशी येतो. खेट्यांना, म्हणजे जोतिबाच्या पायी वारीला, डोंगर चढून आलेल्या घरच्या मोठ्यांना हे सांगताना पोरांचा तोरा बघण्यासारखा असतो. पंढरपूर आठवडाभरात, पुणं त्याच्या पुढं दोन दिवसांत. त्यामुळं ठिकाण लांबचं निवडा. जवळचं निवडलंत तर दुसऱ्या आठवड्यात सगळे घरी बसतील.

आमच्या चौथीनं आग्रा ते राजगड निवडलं. त्यांना वर्षभर शिवचरित्रच असतं, १६६६ साल तोंडपाठ, त्यामुळं दुसरं काही ऐकूनच घेईनात. अंतर बाराशे किलोमीटर धरलं. एकानं फळ्यावर भागाकार करून दाखवला: रोज तीसप्रमाणं चाळीस दिवस. महिन्यात शाळा भरते चोवीस-पंचवीस दिवस. वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझं आजोबा रोज गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला चालत जात्यात. ते धरायचं का?"

धरलं. तिथून पुढं मला काहीच करावं लागलं नाही. ज्या पालकांना मी सभेत हात जोडून सांगत होते, त्यांना पोरांनी घरातून हुसकून बाहेर काढलं. अंबाबाईला जाणारी आजी, मंडईतून पिशवी घेऊन येणारी आई, केएमटीच्या बसमधून एक थांबा आधी उतरणारे काका, सगळे राजगडाच्या वाटेला लागले. वहीवर मोठ्या माणसाची सही लागते, पण खोटं लिहिलं तर घरातलं लेकरूच वर्गात सांगून मोकळं होतं. तपासनीस नेमायची गरज नाही.

खरं डोकं लावावं लागतं ते शाळेच्या दारात. पेठेतली गल्ली, साडेदहाची वेळ, प्रत्येक दुचाकीला पार फाटकापर्यंत यायचं असतं. त्यात चालत येणारं पोर कुठून जाणार? आमच्या एका आजोबांचं म्हणणं, शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड होता, आता पोराला फाटकापर्यंत गाडीवरून आणणाऱ्याला ठेवा. दंड आम्ही ठेवला नाही. कोपऱ्यावरच्या तालमीच्या पोरांना भेटलो. गणपतीत अख्खी मिरवणूक सांभाळणाऱ्यांना अर्धा तास चौक सांभाळणं काय अवघड? गाड्या तालमीपाशी थांबायच्या, रिक्षावाले मामाही मुलांना तिथंच उतरवायचे आणि पुढचा रस्ता सगळ्यांनी मिळून पायी. एक शिक्षक पुढं, एक पालक मागं. लांबून रिक्षानं येणारी मुलं यामुळं उपक्रमातून सुटत नाहीत, उरलेली मिनिटं ती मधल्या सुट्टीत मैदानावर भरून काढतात.

दप्तराचं मात्र ऐकायचं नाही. "दप्तर जड आहे म्हणून गाडीवर आणतो" असं जो म्हणेल, त्याच्यासमोर दप्तर काट्यावर ठेवा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त ओझं नको, असं केंद्राचं धोरणच आहे. त्याहून जास्त भरलं तर जादा वह्या आणि बाटली नंबर दोन शाळेतून परत पाठवायची.

बूट सक्तीचे करू नका. चप्पल चालते.

आणि वेळ नीट निवडा. पावसाळ्यात इथं छत्री सांभाळायची की रस्ता बघायचा, असा प्रकार होतो. दिवाळीनंतरची थंडी चांगली, पण गावाकडच्या शाळांनी उसाचा विचार करायला हवा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, त्यांच्या कडेनं लहान मुलांची रांग न्यायची नाही. तिथं मैदानाच्या फेऱ्या किंवा गावातली आतली वाट बरी. पालकसभा सहामाही संपल्या संपल्या लावा. जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या नाचांचा सराव सुरू झाला की शाळेत कुणी कुणाला सापडत नाही.