उलट्या तोंडाचा कीपर

२०१६ च्या जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे सनीवेलला आले होते. बाबा तरुणपणी सांगलीत क्लबकडून कीपिंग करायचे, त्याची खूण म्हणून डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे. बेसबॉलचं नाव काढलं की 'त्यात काय बघायचं' म्हणायचे. तरी एका संध्याकाळी त्यांना कॅलट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोला जायंट्सच्या मैदानावर घेऊन गेलो. (जून असला तरी तिथे स्वेटर लागतो. आईने दोन घेतले होते.)

दुसऱ्या इनिंगपर्यंत बाबा गप्प होते. मग म्हणाले, "अरे, बाकीचे आठही जण याच्याकडे तोंड करून उभे आहेत. हा एकटाच सगळ्यांकडे बघतोय."

'हा' म्हणजे बस्टर पोझी, जायंट्सचा २८ नंबरचा कॅचर, म्हणजे बेसबॉलमधला कीपर. मी तीन वर्षं सामने बघत होतो, पण ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पिचरने (म्हणजे तिथल्या बॉलरने) चेंडू टाकण्याआधी पोझी उकिडवा बसायचा आणि मांड्यांच्या मधे बोटं नाचवायचा. कुठला चेंडू टाकायचा याची ती खूण. बाबांना हे फारच रुचलं. "आम्ही बॉलरला असं काही सांगितलं असतं, तर त्याने बोलणंच टाकलं असतं!"

खरी कारागिरी मात्र त्याच्या मनगटात होती. ताशी दीडशे किलोमीटरने आलेला चेंडू स्ट्राइक झोनच्या, म्हणजे ज्या काल्पनिक चौकटीतून तो जायला हवा तिच्या, जेमतेम कडेला आला, तर तो ग्लोव्ह न हलवता तिथेच धरून ठेवायचा. अंपायरला वाटावं, चेंडू आतच होता. बाबा म्हणाले, "चोर आहे." कौतुकानेच.

मग मी त्यांना २५ मे २०११ ची गोष्ट सांगितली. फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध बारावी इनिंग. स्कॉट कझिन्स तिसऱ्या बेसवरून धावत आला आणि होम प्लेटपाशी, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते आणि कॅचर बसतो तिथे, पोझीवर येऊन आदळला. कॅचरला धडक देणं तेव्हा नियमात बसत होतं. पोझीच्या डाव्या पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, मोसम संपला. पुढच्याच वर्षी त्याने बॅटिंगमध्ये .३३६ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला नंबर काढला, एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकली. २०१० आणि २०१४ धरून तीन. २०१४ मध्ये अशा धडकांवर बंधनं आली. लोक त्याला पोझीचाच नियम म्हणतात.

"एक पाय मोडल्यावर नियम केला होय," बाबा म्हणाले आणि स्वतःचा गुडघा चोळू लागले. एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा उठाबशा, मोसमात १६२ सामने. पाय वाचावेत म्हणून पोझीला मधूनमधून पहिल्या बेसवर उभं करत, पण वाचून वाचून किती वाचणार?

२०२१ मध्ये जायंट्सने १०७ सामने जिंकले, पोझी .३०४ ने खेळला, आणि नोव्हेंबरमध्ये चौतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. अंगदुखी आणि घरच्यांसाठी वेळ, ही कारणं त्याने सांगितली. पुढच्या मोसमाचे दोन कोटी वीस लाख डॉलर सोडून. मी बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पैशाचं आपल्याला कळत नाही, गुडघ्यांचं कळतं."

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये जायंट्सने त्याला सगळ्या बेसबॉल कारभाराचा प्रमुख केलं. तीही बातमी कळवली.

"म्हणजे ऑफिसात? खुर्ची आहे ना?"

"आहे."

"मग बरं झालं."