मोठ्या पातेल्याचा सराव: १०० माणसांपर्यंत आले, आता सगळं लक्ष तापमानाकडे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतेय. मदतपथकासाठी मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करायचा माझा सराव आता १०० माणसांच्या घाण्यापर्यंत आलाय, तोही बऱ्यापैकी निवांतपणे, म्हणजे धावपळ न करता वेळेत वाढायला तयार असतं. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय. ५० च्या वर गेलं की चव सांभाळणं त्यामानाने सोपं असतं, खरी मेहनत उष्णतेवर घ्यावी लागते. ती पातेल्यात घालायची कशी, धरून ठेवायची कशी आणि अन्न उरलंच तर पटकन बाहेर काढायची कशी.

आधी प्रमाणाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. दिवसभर ढिगारा उपसणाऱ्या, गाळ काढणाऱ्या माणसाला मी १०० ग्रॅम कच्चा तांदूळ, ५० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि १५ ग्रॅम तेल धरते, एवढ्यानेच साधारण ६५० कॅलरी होतात, वर बटाटा, भाज्या वेगळ्या. तेल कमी करायचा मोह टाळा, १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात आणि अंगमेहनत करणाऱ्याला त्याच हव्या असतात. पातळ, पोट भरल्यासारखं वाटणारं पण अंगी न लागणारं जेवण ही मदतीच्या स्वयंपाकाची जुनी अडचण आहे. १८४७ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचा दुष्काळ असताना अलेक्सिस सोयर नावाच्या नामांकित शेफने डब्लिनमध्ये मोठं सूपचं स्वयंपाकघर उभं केलं, व्यवस्था उत्तम होती, पण त्या सूपात पोषण पुरेसं नाही अशी टीका लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तेव्हाच केली होती. मला हा माणूस फार आवडतो, कारण नंतर क्रिमियाच्या युद्धात त्याने सैन्यासाठी बंदिस्त शेगडी बनवली, जाळ आत कोंडलेला आणि भांडं वर बसवलेलं, त्यामुळे थोडक्या सरपणात काम व्हायचं. इंधन वाचवणं हा आपल्या छंदाचा अर्धा भाग आहे असं माझं ठाम मत आहे.

इंधनाचा हिशोब मी आता आधी कागदावर करते. ४० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साडेतीन युनिट विजेएवढी उष्णता लागते. उघड्या शेगडीवर निम्म्याहून जास्त जाळ भांड्याच्या बाजूने निघून जातो असं धरलं तर त्या एका उकळीलाच ६०० ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. म्हणून झाकण, वाऱ्याला आडोसा, आणि भांड्याच्या बुडाला शोभेल एवढाच बर्नर. अजून एक, मोठा बर्नर सलग फुल ठेवला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून घाम किंवा बर्फ धरतो आणि प्रेशर उतरतं, कारण आतला द्रव गॅस वाफ व्हायला लागणारी उष्णता सिलिंडरमधूनच घेतो. यावर उपाय म्हणजे दोन सिलिंडर जोडून लोड वाटून घेणं. सिलिंडरला खालून धग देणं हा उपाय नाहीच, असं कोणी करताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा.

भाताचं तंत्र आता हातात बसलंय. घरच्या पातेल्यातलं पाण्याचं प्रमाण सरळ २० ने गुणलं की भात गिचका होतो, कारण तांदूळ शोषतो ते पाणी गुणाकाराने वाढतं पण वाफेवर उडून जातं ते तोंडाच्या रुंदीवर आणि वेळेवर ठरतं, ते तेवढं वाढत नाही. मी दुप्पट पाण्यावरून उतरत उतरत मापाच्या दीडपटीपर्यंत आलेय, झाकण घट्ट असेल तर तेवढं पुरतं, तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त. आणि १० किलो एका उंच टोपात घालण्यापेक्षा ५-५ किलो दोन रुंद पातेल्यांत, नाहीतर वरच्या वजनाने खालचा थर चेपतो. मीठ आणि तिखट मात्र गुणाकाराने घालू नका, हिशोबाच्या पाऊणपट घालून चाखायचं आणि मग वाढवायचं, जास्त झालेलं काढता येत नाही.

राजमा करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो फक्त खळखळ उकळीनेच मोडतो, ८० अंशांवर रटरटत ठेवला तर उलट त्रास वाढू शकतो. किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं जोरात उकळायचा, मी अर्धा तास उकळते. मोठ्या पातेल्यात कडेला बुडबुडे दिसतात तेव्हा मधला भाग अजून गारच असतो, म्हणून तळापासून ढवळून सगळं पातेलं एकसारखं उसळायला लागलं की मगच घड्याळ लावायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते, गार करणं. ह्यावर मी सध्या सगळ्यात जास्त सराव करतेय. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की आत अन्न ८ पट मावतं पण उष्णता बाहेर जायची जागा फक्त ४ पट होते, म्हणजे मोठं पातेलं नुसतं बाजूला ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. आणि कोमट म्हणजेच धोका. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू (कडक कवचातलं त्याचं सुप्त रूप) उकळीतूनही वाचतात आणि त्यांतून उगवलेले जंतू ४३ ते ४७ अंशांच्या आसपास १० मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, घट्ट डाळी, रस्से, मटणाची मोठी पातेली ही त्यांची आवडती जागा. भातात बॅसिलस सेरियस असतो, तो जे विष सोडतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला भात 'उकळून घेऊ' हे चालत नाही, टाकायचाच, कितीही जीवावर आलं तरी.

अमेरिकेच्या फूड कोडमधला (अन्नसुरक्षेच्या नियमावलीतला) नियम मी पाळते, ५७ अंशांवरून २१ पर्यंत २ तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या ४ तासांत. पहिले २ तास कडक असतात कारण जंतूंची चंगळ त्याच टप्प्यात होते. पसरट ट्रेमध्ये ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त थर नाही, ट्रे बर्फाच्या पाण्यात, मधून मधून ढवळणं, झाकण अर्धवट. ह्या पद्धतीत डाळ आता वेळेच्या बरीच आधी उतरते. पुन्हा गरम करताना मध्यभागी ७४ अंश. प्रोब थर्मामीटर, म्हणजे अन्नात खुपसून आतलं तापमान दाखवणारा, नसेल तर पहिली खरेदी तीच करा, आणि बर्फ-पाण्याच्या लगद्यात बुडवून ० दाखवतोय ना ते अधूनमधून बघत जा.

खरं तर उरूच नये ही सगळ्यात चांगली पद्धत. पथक एकदम जेवायला येत नाही, शेवटचा गट दोन-तीन तास उशिरा येतो आणि सगळ्यात दमलेला तोच असतो, त्यांना गरम जेवण मिळालंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. म्हणून भाताचा दुसरा घाणा मुद्दाम उशिरा लावते आणि डाळ इन्सुलेटेड डब्यात भरते. डबा आधी उकळत्या पाण्याने १० मिनिटं तापवून घ्यायचा आणि काठोकाठ भरायचा, अर्धा भरलेला डबा भराभर निवतो. ६० च्या खाली आकडा जायच्या आत वाढून झालं पाहिजे, तेवढं एक माणूस फक्त बघत असतो.

हातांबद्दल थोडक्यात: साबणाने २० सेकंद, आणि ज्याचं पोट बिघडलंय त्याने त्रास थांबल्यावरही ४८ तास स्वयंपाकाला हात लावायचा नाही, कितीही उत्साह असला तरी. शेंगदाणे आणि बाकीचे दाणे मी मुख्य पातेल्यात घालतच नाही, एवढ्या माणसांत कोणाला ॲलर्जी आहे ते प्रत्येक वेळी विचारणं होत नाही.

पुढचा टप्पा १५० चा. त्यात दोन मोठे बर्नर एकाच वेळी आणि बर्फ न मिळणाऱ्या जागी गार कसं करायचं हे बघायचंय, सध्या वाहत्या पाण्यात ट्रे ठेवून आणि पंखा लावून आकडे लिहून ठेवतेय. उंचावर काम केलेल्यांनी जरूर लिहा, दर ३०० मीटरला उकळबिंदू जवळपास १ अंशाने उतरतो, तर मोठ्या घाण्यातल्या डाळीला तुम्ही वेळ किती वाढवून धरता आणि भिजवण्यात काही बदल करता का?